अंगावरचं पाणी

जूनच्या पहिल्या आठवड्यात ट्रेकिंगचं सामान विकणाऱ्या दुकानात गर्दी असते. जॅकेटांच्या रांगेत प्रत्येकाच्या चेनला पुठ्ठ्याचं लेबल लटकत असतं आणि त्यावर दोन आकडे छापलेले असतात : १०,००० मिमी आणि १०,००० ग्रॅम. गेल्या वर्षी माझ्या शेजारी उभा असलेला एक तरुण मित्राला सांगत होता, “दहा हजार मिलिमीटर! आंबोलीला वर्षाला सात हजारांच्या आसपास पडतो. म्हणजे दीड वर्षाचा पाऊस झेलेल हे.” मित्राने मान डोलावली, जॅकेट घेतलं. मी काही बोललो नाही. दुकानात उभं राहून शिकवण्या घेणाऱ्या माणसाला कोणी चहा पाजत नाही.

पण तो आकडा पावसाचा नव्हे, दाबाचा. प्रयोगशाळेत कापडाचा तुकडा चिमट्यात घट्ट आवळतात आणि त्याच्यावर पाण्याचा दाब हळूहळू वाढवत नेतात. कापडाच्या दुसऱ्या बाजूला तीन ठिकाणी थेंब डोकावले की तिथे थांबतात आणि तो दाब पाण्याच्या स्तंभाच्या उंचीत लिहून ठेवतात. दहा हजार मिलिमीटर म्हणजे दहा मीटर. तीन मजली इमारतीच्या गच्चीपर्यंत उभी नळी लावायची, ती पाण्याने काठोकाठ भरायची आणि तळाशी बूच म्हणून हे कापड लावायचं. तरी ते गळत नाही, एवढंच त्या लेबलला म्हणायचं आहे.

आता पावसाच्या थेंबाचा हिशेब करू. पाच मिलिमीटरचा टपोरा थेंब जमिनीजवळ येतो तेव्हा त्याचा वेग सेकंदाला नऊ मीटरच्या आसपास असतो, तासाला बत्तीसेक किलोमीटर. एवढ्या वेगाच्या पाण्याचा दाब काढला तर तो चार मीटर स्तंभाइतका भरतो. म्हणजे आकाशातून पडणाऱ्या थेंबाला दहा हजारी कापडाच्या आत शिरायची काही टाप नाही. पण साठ किलोचा माणूस कातळटप्प्यावर दोन्ही गुडघे टेकतो तेव्हा गोष्ट वेगळी होते. दोन गुडघ्यांची मिळून टेकलेली जागा साठ चौरस सेंटिमीटर धरा. दर चौरस सेंटिमीटरला एक किलो, म्हणजे बरोबर दहा मीटरचा स्तंभ. आंबोलीच्या ढगांना जमत नाही ते आपले गुडघे करतात.

दुसरा आकडा जास्त गमतीचा आहे आणि जास्त फसवाही. दहा हजार ग्रॅम म्हणजे एक चौरस मीटर कापडातून चोवीस तासांत बाहेर पडणारी वाफ. दहा लिटर, घरातली एक बादली भरून. टोपी, बाह्या धरून जॅकेटला साधारण दोन चौरस मीटर कापड लागतं. म्हणजे दिवसाला दोन बादल्या, तासाला आठशे ग्रॅमच्या वर. माणसाच्या अंगावर घामाच्या वीस ते चाळीस लाख ग्रंथी असतात आणि खड्या चढणीवर त्या तासाला लिटरभर घाम सहज काढतात. तेव्हा हिशेब जवळजवळ जुळतो आहे असं वाटतं.

जुळत नाही, कारण वाफ आपणहून चालत नाही, तिला आतल्या-बाहेरच्या वाफेच्या दाबातला फरक ढकलतो. पस्तीस अंशांच्या ओल्या त्वचेजवळ हा दाब ५.६ किलोपास्कल असतो. आल्प्समध्ये शून्य अंशाला, निम्म्या दमटपणाच्या हवेत तो ०.३. फरक पाचाच्या वर, वाफ धावत सुटते. जुलैमध्ये हरिश्चंद्रगडावर ढगात उभं राहा : चोवीस अंश, हवा पाण्याने ठासून भरलेली, दाब ३. फरक उरला २.६, म्हणजे निम्मा. युरोपातल्या डोंगरांसाठी कापलेलं जॅकेट सह्याद्रीत अर्ध्या श्वासावर जगतं. त्यात पाठीवर सॅक चिकटलेली. तासाला लिटरभर घाम येतोय आणि जेमतेम चारशे ग्रॅम बाहेर पडतोय. तीन तासांच्या चढाईत पावणेदोन लिटर पाणी आतच. हिशेब ढोबळ आहे, गळ्यातून-बाह्यांतूनही थोडी वाफ निसटते. तरी माथ्यावर पोहोचून ज्याने महागडं जॅकेट काढलं आणि आतला शर्ट पिळला, त्याला मी काय म्हणतोय ते कळेल. जॅकेट गळलं म्हणून तो दुकानदाराला शिव्या घालतो. प्रत्यक्षात ते पाणी त्याचं स्वतःचंच असतं.

तरीही या कापडाच्या पोटात जे दडलं आहे त्याला दाद द्यायलाच हवी. ऑक्टोबर १९६९. अमेरिकेतल्या डेलावेअर राज्यात नेवार्क गावी बॉब गोर हा माणूस टेफ्लॉनच्या जातकुळीतल्या प्लॅस्टिकच्या कांड्या भट्टीत तापवून सावकाश ताणून पाहत होता. कितीही हळुवार ताणल्या तरी थोड्याच लांबीला तुटत होत्या. शेवटी वैतागून त्याने एक तापलेली कांडी हिसका मारून खेचली, आणि ती न तुटता दहापट लांब झाली. बारीकही फारशी झाली नाही, कारण आत हवा शिरली होती. शेकडा सत्तर भाग हवा. त्या हिसक्यातून गोर-टेक्स निघालं आणि १९७६ साली त्याचं पेटंट झालं.

कंपनी सांगते की या पडद्याच्या एका चौरस इंचात ९०० कोटी छिद्रं असतात. प्रत्येक छिद्र पाण्याच्या थेंबापेक्षा वीस हजार पटींनी लहान आणि वाफेच्या रेणूपेक्षा सातशे पटींनी मोठं. असले आकडे जाहिरातीत वाचले की मी आधी खिशातलं पेन काढतो. पाण्याच्या रेणूचा व्यास ०.२८ नॅनोमीटर. त्याच्या सातशेपट म्हणजे मिलिमीटरचा पाच हजारावा भाग. त्याच्या वीस हजारपट म्हणजे चार मिलिमीटर, पावसाचा बऱ्यापैकी थेंब. आकडे एकमेकांशी खोटं बोलत नाहीत.

आता हे छिद्र फुगवून एक मीटर रुंदीचं दार करू. त्याच प्रमाणात वाफेचा रेणू होईल मोहरीच्या दाण्याएवढा. आणि पावसाचा थेंब होईल वीस किलोमीटर व्यासाचा गोळा. शनिवारवाड्यापासून सिंहगडापर्यंतचं सरळ हवाई अंतर बरोबर तेवढंच भरतं. एक कड शनिवारवाड्याला आणि दुसरी सिंहगडाला टेकलेला पाण्याचा गोळा एका दारातून आत यायचं म्हणतोय, आणि त्याच दारातून मोहरीचे दाणे मजेत बाहेर पडतायत.

आणि अशी दारं किती? दोन चौरस मीटर कापडात ३,१०० चौरस इंच. गुणाकार करा : २८ लाख कोटी. हे शब्द आपण एरवी फक्त अर्थसंकल्पाच्या दिवशी ऐकतो. आपल्या जुन्या संख्यांत सांगायचं तर अडीच शंकूंच्या वर. भास्कराचार्यांच्या ‘लीलावती’त कोटीच्या पुढे अर्बुद, अब्ज, खर्व, निखर्व, महापद्म, शंकू अशी पायरी चढत जाते, शंकूच्या पुढची संख्या जलधी आणि सगळ्यात शेवटी परार्ध, एकावर सतरा शून्यं. संख्येला समुद्राचं नाव द्यावंसं वाटलं यात मला काही नवल वाटत नाही, कारण पाणी मोजायला घेतलं की परार्धही पुरत नाही. पावसाच्या एका टपोऱ्या थेंबात, मिलिलिटरच्या विसाव्या भागाएवढ्या पाण्यात, रेणू भरतात १६,७०० परार्ध.

थेंबाला अडवायचं काम मात्र हा पडदा एकटा करत नाही. त्याच्या बाहेर जे नायलॉनचं कापड दिसतं त्यावर पाणी टिकू नये म्हणून एक लेप दिलेला असतो. आपण ज्याला अळवावरचं पाणी म्हणतो तेच. अळूच्या पानावर मेणाचे अतिसूक्ष्म कण उभे असतात, थेंब त्यांच्या टोकांवर तरंगतो आणि गोल होऊन घरंगळतो. जॅकेटवर हे काम बरीच वर्षं फ्लोरिनयुक्त रसायनांनी केलं. कार्बन आणि फ्लोरिन यांची गाठ इतकी घट्ट की ती निसर्गात सुटतच नाही. रसायनं पाण्यात, मातीत, माणसांच्या रक्तात जाऊन बसली. कॅलिफोर्नियाने १ जानेवारी २०२५ पासून कपड्यांत त्यांच्यावर बंदी आणली, काही देशही त्या वाटेवर आहेत. नवे लेप लवकर उतरतात. लेप उतरला की बाहेरचं कापड पाणी पितं, जॅकेटवर पाण्याची चादर बसते आणि ती २८ लाख कोटी दारं बाहेरून बंद होतात. पाणी आत येत नाही, पण तुम्हीही बाहेर पडत नाही.

इथवर बोललो ते पाणी नाकारणाऱ्या कापडाबद्दल. मला त्याच्यापेक्षा पाणी पिणारं कापड जास्त विचारात पाडतं. नाकारणं हा एकच खेळ आहे. पिण्याचे मात्र शंभर प्रकार.

जीन्स घ्या. पावसाळी ट्रेकला जीन्स घालून येणारा एक तरी जण प्रत्येक गटात असतो आणि परतीच्या वाटेवर तोच मागे पडतो. कोरडी जीन्स पाऊण किलोची. भिजून निथळली तरी जवळजवळ तेवढंच, आठशेक ग्रॅम पाणी तिच्यात राहतं. खालची किनार ओढ्यात बुडाली तरी पुरे, पाणी आपसूक वर चढतं. दोन तंतूंमधल्या फटीची त्रिज्या मिलिमीटरचा शंभरावा भाग असली तर केशाकर्षणाने पाणी कागदावर तरी दीड मीटर चढू शकतं. घोटा भिजला की मांडीपर्यंत निरोप पोहोचतो.

आठशे ग्रॅम पाणी वाहून नेणं एक वेळ ठीक. पण ते वाळवायचं कोणी? पाण्याची वाफ व्हायला दर ग्रॅमला २.४ किलोज्यूल उष्णता लागते. ऊन नाही, शेकोटी नाही. मग ती अंगातूनच जाते. आठशे ग्रॅमना १,९०० किलोज्यूलच्या वर, म्हणजे चार भाकऱ्यांची ताकद. स्वस्थ बसलेल्या माणसाचं शरीर शंभर वॅटच्या दिव्याइतकी उष्णता काढतं. ती सगळीच्या सगळी त्या जीन्सवर खर्च केली तरी ती वाळायला सव्वापाच तास लागतील. शिवाय पाणी हवेपेक्षा चोवीसपट जास्त वेगाने उष्णता पळवतं. थंड वाऱ्यात माणूस का कुडकुडतो याचं उत्तर थर्मामीटरपेक्षा त्याच्या पँटमध्ये सापडतं.

आणि पाणी बाहेरूनच यायला पाहिजे असंही नाही. २७ जून १९११ रोजी एडवर्ड विल्सन, हेन्री बावर्स आणि ॲप्सली चेरी-गॅरार्ड हे तिघे अंटार्क्टिकातल्या ऐन हिवाळ्यात, दिवसभर अंधार असताना, एम्परर पेंग्विनची अंडी आणायला निघाले. ध्रुवीय संशोधक स्कॉटच्या मोहिमेतली ही माणसं. जाताना शंभरेक किलोमीटर, तापमान उणे साठच्या खाली उतरलेलं. तिथे पाऊस नाही, दंव नाही, हवेत वाफेचा लवलेश नाही. जगातल्या सगळ्यात कोरड्या जागांपैकी ती एक. १ ऑगस्टला ते तीन अंडी घेऊन परतले तेव्हा सामानाची वजनं झाली. चेरी-गॅरार्डची रेनडिअरच्या कातड्याची झोपायची पिशवी निघताना १८ पौंडांची होती, परतताना ती ४५ पौंडांची झाली होती. जास्तीचे सत्तावीस पौंड, सव्वाबारा किलो, सगळा बर्फ. त्याच्याच श्वासाचा आणि घामाचा.

मी हा आकडा पहिल्यांदा वाचला तेव्हा पुन्हा पेन काढलं. सव्वाबारा किलो भागिले पस्तीस रात्री. रात्रीला साडेतीनशे ग्रॅम. माणूस नुसता झोपलेला असताना त्वचेतून आणि श्वासातून रात्रभरात पाव लिटरच्या आसपास पाणी आपोआप सोडतो. वर दिवसभर ओढलेल्या घसरगाडीचा घाम. बरोबर बसतं. आपल्या पोफळीच्या झापांखालच्या उबदार झोपेतही हे पाणी जातंच, फक्त गादी-चादर ते पिऊन दुसऱ्या दिवशी उन्हात सोडून देते. चेरी-गॅरार्डला ऊनच नव्हतं. संध्याकाळी गोठून पाट झालेल्या पिशवीत तो एकेक अवयव घालून ती आपल्या अंगाच्या उबेने वितळवायचा आणि मग त्याच पाण्यात झोपायचा.

लोकर मात्र या बाबतीत निराळंच जनावर आहे. तिच्या तंतूचं बाहेरचं कातडं खवल्यांचं आणि त्यावर जेमतेम एका रेणूच्या जाडीचा स्निग्ध थर. थेंब पडला की घरंगळतो. पण आतला गाभा केराटिनचा, आणि त्याला पाण्याची जबरदस्त तहान. द्रव पाणी दाराशी अडतं, वाफ घरात घेतली जाते. पॉलिस्टरचा तंतू साधारण दमट हवेत स्वतःच्या वजनाच्या ०.४ टक्के पाणी पितो, नायलॉन चार टक्के, कापूस आठ, लोकर सोळा. हवा पूर्ण दमट केली तर लोकर तेहतीस-पस्तीस टक्क्यांपर्यंत जाते आणि तरी हाताला ओली लागत नाही.

आणि पिताना ती तापते. वाफेचं पाणी झालं की जी उष्णता सुटते ती, अधिक तंतूला पाणी चिकटताना सुटणारी थोडी. पूर्ण कोरडी एक किलो लोकर पूर्ण ओल्या हवेत ठेवली तर संपृक्त होईपर्यंत सुमारे ९६० किलोज्यूल उष्णता बाहेर टाकते.

धनगराची घोंगडी घ्या, दोन-अडीच किलोची. दख्खनी मेंढरांची जाड, टोचरी लोकर, सनगरांनी खड्ड्याच्या मागावर विणलेली, सुताला चिंचोक्याची खळ दिलेली. रात्री चुलीवरच्या दांडीवर टाकून वाळवली आणि सकाळी खोळ करून डोक्यावर घेऊन माणूस मेंढरांमागे ढगात निघाला. चुलीजवळ तिच्यात बारा टक्के ओल होती असं धरा, बाहेर तेहतीस टक्क्यांपर्यंत गेली. अडीच किलोवर वीस टक्के म्हणजे अर्धा लिटर पाणी तिने वाफेच्या रूपात गिळलं, एक थेंबही न दिसता. त्याबरोबर बाराशे किलोज्यूलच्या वर उष्णता सोडली. साठ वॅटचा दिवा साडेपाच तास जळेल एवढी, किंवा अडीच भाकऱ्या. जीन्सवाल्याच्या चार भाकऱ्या कापडाने खाल्ल्या. इथे कापडच अडीच भाकऱ्या वाढतंय.

अर्थात घोंगडी काही जादू नाही. तासन्‌तास धो धो पावसात ती शेवटी भिजतेच. मग तिचं वजन असं होतं की ती अंगावर घेऊन पळता येत नाही, आणि वाळायला दोन दिवस घेते. आणि ही उष्णता उसनी असते. वाळताना तेवढीच परत द्यावी लागते. फरक एवढाच की ती परतफेड माणसाच्या अंगातून होत नाही, रात्री चूल करते. भातलावणीला वाकलेल्या कोकणातल्या बाया पाठीवर घेतात ते बांबूच्या कामट्यांचं आणि पानांचं इरलं हा दुसरा रस्ता आहे : ते पाणी पीतही नाही आणि घाम अडवतही नाही, कारण अंगाला चिकटतच नाही. दोन्ही बाजूंनी वारा. लेबल लावायचं झालं तर दुसऱ्या रकान्यात कितीही मोठा आकडा लिहिता येईल.

पाणी पिऊनच पाणी अडवणारं एक कापड दुसऱ्या महायुद्धात इंग्लंडने केलं, त्याची हकिगत थोडक्यात सांगतो. आपल्याकडे ट्रकच्या पुढे, रेल्वेच्या खिडकीला जाड कापडाची छागल टांगलेली असे. कापड ओलं झालं की तंतू फुगतात, फटी बुजतात आणि पाणी फारसं न गळता फक्त पाझरत, थंड होत राहतं. मँचेस्टरच्या शर्ली इन्स्टिट्यूटमध्ये लोक आगीच्या बंबाचे होस आणि बादल्या जवसाच्या धाग्याऐवजी कापसाच्या करण्याच्या मागे होते, कारण जवसाचा धागा मिळेनासा झाला होता. तिथून लांब धाग्याच्या कापसाची अशी गच्च वीण निघाली की ओला होताच तंतू जाडीला पाचवा हिस्सा फुगून सगळी वीण बंद व्हावी. लांबीला तो जेमतेम एक टक्का वाढतो, म्हणून कापड सैल पडत नाही. व्हेंटाइल असं त्याचं नाव. उत्तर अटलांटिकमध्ये जहाजांवरून गलोलीसारखी विमानं फेकली जात. परत उतरायला जागा नसल्याने वैमानिक समुद्रात उडी टाके. गोठत्या पाण्यात काही मिनिटांत माणूस संपे. या कापडाच्या पोशाखात तो अवधी वीस मिनिटांपर्यंत गेला असं सांगतात. कोरडं असताना हवेशीर, ओलं झालं की दार बंद. प्लॅस्टिकचा कणही नाही.

आता दुकानातल्या दुसऱ्या कपाटाकडे वळू, जिथे मुठीत मावणारे टॉवेल ठेवलेले असतात. या टॉवेलांच्या पॉलिस्टरला तर पाण्याचं वावडं आहे, असं नुकतंच म्हणालो. मग तो पाणी पितो कसा? तंतूच्या आत नाही, तंतूंच्या मधे. तंतू जितके बारीक तितक्या फटी जास्त. १९७० साली जपानच्या तोरे कंपनीत मियोशी ओकामोतो यांनी एका तंतूतून अनेक अतिसूक्ष्म तंतू काढण्याची युक्ती साधली. नंतर त्या घराण्यातून एका तंतूच्या संत्र्यासारख्या फोडी करण्याचा प्रकार आला. धाग्याची जाडी मोजायला रेशमाच्या व्यापारातलं डेनिअर हे माप आहे : नऊ हजार मीटर धाग्याचं वजन जितके ग्रॅम तितके डेनिअर. फोडी होऊन उरलेला तंतू ०.१ डेनिअरचा असू शकतो. म्हणजे त्याचा एक ग्रॅम नव्वद किलोमीटर लांब.

शंभर ग्रॅमच्या टॉवेलात नऊ हजार किलोमीटर तंतू. मुंबईहून लंडन सात हजार दोनशे. हा लंडन ओलांडून पुढे गेला. जाडी तीन मायक्रॉनच्या आसपास, केसाच्या वीस-पंचविसांश. आणि त्या सगळ्या तंतूंचा पृष्ठभाग सपाट पसरला तर नव्वद चौरस मीटर भरतो, सुमारे ९७० चौरस फूट. पुण्यात एवढ्या जागेला टू-बीएचके म्हणतात आणि वीस वर्षं हप्ते भरतात. तो सगळा फ्लॅट सॅकच्या बाजूच्या कप्प्यात घडी करून जातो. पिळला की बहुतेक पाणी निघून जातं, कारण ते फटींत नुसतं अडकलेलं असतं, तंतूला बांधलेलं नसतं.

या बारीकपणाची किंमत धुताना कळते. प्लिमथ विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१६ मध्ये मोजलं : सहा किलो ॲक्रिलिक कपड्यांच्या एका धुण्यातून ७ लाख २८ हजारांहून जास्त तंतू निसटू शकतात. पॉलिस्टरमधून पाच लाखांच्या जवळ. २०२३ मध्ये जगात सगळ्या प्रकारचे मिळून १२ कोटी ४० लाख टन तंतू तयार झाले, त्यातलं निम्म्याहून जास्त पॉलिस्टर. लोकर एक टक्क्याच्या आसपास. दख्खनी मेंढ्यांची कापलेली लोकर तर बऱ्याच ठिकाणी घेणारा नाही म्हणून फेकूनच देतात.

तहान हाच निकष लावायचा तर सगळ्यांवर ताण करणारा पदार्थ लहान मुलांच्या डायपरमध्ये आहे. सोडियम पॉलिअ‍ॅक्रिलेटची पांढरी पूड स्वतःच्या तीनशेपट शुद्ध पाणी पिऊन थलथलीत होते. एक चमचा पूड आणि दोन तांबे पाणी, असं काहीतरी प्रमाण. अंतराळवीर हेच पोशाखाखाली घालून तासन्‌तास यानाबाहेर काम करतात. हा पदार्थ आता उन्हाळी कपड्यांत शिवला जातो : गळ्याभोवतीचे पट्टे, बंड्या, टोप्या. पाण्यात बुडवायचं, फुगू द्यायचं, घालायचं. पण त्याची एक खोड आहे. पाण्यात मीठ आलं की तहान आक्रसते, तीनशेवरून तीस-पन्नासवर. घाम खारा असल्याने घाम शोषायला हा पदार्थ फार कामाचा नाही. नळाचं पाणी भरून ठेवायला उत्तम.

आणि पाणी भरून ठेवणं हेच तर नागपूर-चंद्रपूरचा माणूस मे महिन्यात दुपट्ट्याने करतो. पंचेचाळीस अंश, दमटपणा पंधरा टक्के. अशा हवेत ओलं कापड चोवीस अंशांपर्यंत उतरू शकतं, एकवीस अंशांचा उतार, विजेच्या एका युनिटाशिवाय. दीडशे ग्रॅमच्या सुती दुपट्ट्यात पाव लिटर पाणी सहज राहतं. ते उडून जाताना सहाशे किलोज्यूल उष्णता घेऊन जातं. सगळी डोक्यातून नाही, बरीचशी गरम हवेतून, पण डोक्याच्या वाट्याला आलेली पुरेशी असते. हरिश्चंद्रगडावर ज्या कापसाने माणसाला गारठवलं, त्याच कापसाने इथे त्याला उष्माघातापासून वाचवलं. मुंबईत तेहतीस अंश आणि पंच्याऐंशी टक्के दमटपणात हाच दुपट्टा ओला केला तर दोन-अडीच अंशांचाच उतार मिळतो, आणि वर मान चिकट होते.

परतीचा प्रवास मात्र सगळ्यांचा एकाच एसटीतून होतो. पावसाळ्यातल्या रविवारी संध्याकाळी पायथ्याच्या गावातून सुटणारी गाडी : चव्वेचाळीस आसनं, सगळी भरलेली. दहा हजारी जॅकेटवाले आहेत, जीन्सवाला आहे, प्लॅस्टिकचा पॉन्चो फाडून घेतलेले आहेत, मागच्या बाकावर खोळ घडी करून मांडीवर घेतलेले एक आजोबा आहेत. माणशी लिटरभर पाणी धरलं तर चव्वेचाळीस लिटर सह्याद्रीचा पाऊस गाडीबरोबर शहराकडे निघालाय. खिडक्या बंद, काचांवर धुकं, ड्रायव्हर फडक्याने पुढची काच पुसतोय. हे सगळं पाणी अंगांच्या उबेनेच वाळवायचं ठरवलं तर एक लाख सहा हजार किलोज्यूल, जवळपास तीस युनिट विजेएवढी उष्णता लागेल. कंडक्टर टोकाच्या बाकापर्यंत येतो, आजोबांच्या पायाशी ठेवलेल्या तांदळाच्या पिशवीकडे बघतो आणि लगेजचं तिकीट फाडतो. पाण्याचं कोणी विचारत नाही.